तंटा नंबर सत्तावीस

खुशालभाऊंच्या अंगावर जखमांच्या अकरा खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेला एकेका माणसाचं नाव होतं. उजव्या भुवईवरची फट गावातल्या हेमराजच्या बापाची. शंकरपटाच्या शर्यतीत कुणाची बैलजोडी आधी सुटली, यावरून त्यानं बैलगाडीची उभारी उपसून हाणली होती. पाठीवरचा लांब ओरखडा एका वऱ्हाडी पाहुण्याचा. पंगतीत रस्सा आला आणि फोडी आल्या नाहीत, एवढंच कारण. मानेखालची खूण गोंडपिपरीच्या बाजारातल्या कुण्या अनोळखी माणसाच्या दाताची. दात तिथंच राहिला होता. गोकुळाबाईंनी तो सुईनं उकरून काढला.

"लोकाईच्या नवऱ्याच्या पायातून काटे काढा लागतात," गोकुळाबाई सांगायच्या, "माह्या नवऱ्याच्या अंगातून मानसं काढा लागतात."

खुशालभाऊंनी दुसऱ्यांना दिलेल्या खुणा बघायच्या, तर आमचं अख्खं गाव, हिरडाटोला, उघडं करून उन्हात उभं करावं लागेल. दिसायला माणूस म्हणजे वाळत घातलेलं जाळं. बुटका, काळा, नुसत्या शिरा आणि गाठी. पण त्या हातांनी पन्नास वर्षं तलावातून जाळं ओढलं होतं, आणि जाळ्यातून हात मोकळे झाले की ते इकडेतिकडे काम शोधत. त्यांची एक पद्धत होती. मारायच्या आधी ते सदरा काढायचे, बाह्या आत घेऊन नीट घडी घालायचे आणि कोरड्या जागी ठेवायचे. सदरा चांगला एकच होता. त्यामुळे बाजारात, जत्रेत, लग्नात कुठंही खुशालभाऊ सदऱ्याची गुंडी काढताना दिसले की शहाणी माणसं पोरं उचलून घराकडे निघत.

एवढ्या सगळ्या खुणांमध्ये एकच अशी होती जिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. बाकीच्या दहा खुणांच्या कथा ते न विचारता सांगत. ह्या अकराव्या खुणेबद्दल विचारलं की म्हणायचे, "चहा घेता काय?"

सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणा. ती गोष्ट साऱ्या गावानं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून पाहिली होती.

आमच्या तलावाला तुडूम आहे. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी बांधकाम, त्यात एकाखाली एक अशी चार भोकं, आणि भोकांत लाकडी बुचं. वरचं बुच काढलं की वरचं पाणी शेतात जातं, त्याखालचं काढलं की आणखी थोडं. तिसऱ्यापर्यंत तलावात मासे धरणारे ढीवर काही बोलत नाहीत. चौथं काढलं की तलावात चिखल, बगळे आणि ढिवरांच्या शिव्या, एवढंच उरतं.

एकोणीस वर्षांपूर्वी पाऊस पोळ्यानंतर जो गेला तो फिरकला नाही. धान लोंबीवर आलेलं. देवाजीची बांधी सगळ्यात शेवटी, तिथवर तिसऱ्या बुचाचं पाणी पोचेना. देवाजी म्हणजे सहा फुटी गडी, तरुणपणी कबड्डीत जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेला. तो कुऱ्हाड घेऊन कंबरभर पाण्यात उतरला आणि चौथं बुच ठोकून काढू लागला. खुशालभाऊ बांबूनं डोंगा ढकलत आले, पाण्यात उडी टाकली आणि बुचावर डावा पंजा ठेवला.

"मार," ते म्हणाले.

देवाजीनं मारली.

बोटं पाण्यात गेली. खुशालभाऊंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. उजव्या हातात डोंग्याचा बांबू होता, तो त्यांनी देवाजीच्या गुडघ्यावर घातला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज पाळीवरच्या बायांपर्यंत गेला. मग दोघांनी एकमेकांचे केस धरले आणि त्या लाल पाण्यात एकमेकांना बुडवायला सुरुवात केली. वीस माणसांनी ओढून काढलं तेव्हा देवाजीच्या तोंडात खुशालभाऊंच्या कानाचा तुकडा होता. पाळीवर आठ वर्षांचा मिथुन उभा होता, खुशालभाऊंचा एकुलता एक पोरगा. बापाचा हात गमछ्यात गुंडाळलेला त्यानं पाहिला, आणि गमछा लाल होत गेलेलाही पाहिला.

त्या साली देवाजीचं धान वाळलं. पाऊस न आल्यानं पाणी आटून मासेही मेले.

मग चंद्रपूरच्या कोर्टात पाच वर्षं केस चालली. गावाहून सकाळची एसटी एकच. फिर्यादी आणि आरोपी, आणि उलट केसमधला आरोपी आणि फिर्यादी, दोघांना त्याच गाडीनं जावं लागे. सुरुवातीला एक पुढं बसे, एक मागं. एकदा गाडी भर जंगलात बंद पडली. कंडक्टर म्हणाला, चार किलोमीटर चालावं लागेल, घोळक्यानं चला, ह्या पट्ट्यात वाघ आहे. घोळका निघाला. लंगडा देवाजी मागं पडत गेला. खुशालभाऊ थोडं पुढं जायचे, थांबायचे, शिवी द्यायचे, पुन्हा चालायचे.

"लवकर चाल ना बे, लंगड्या!"

"लंगडा कोनं केला बे मले?"

"त्याचीच त तारीख आहे आज."

यावर देवाजी रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि पोट धरून हसला. खुशालभाऊही बसले. देवाजीच्या डब्यात भात होता, खुशालभाऊंच्या डब्यात सुक्या मासोळ्यांची चटणी. नुसता भात आणि नुसती चटणी घेऊन दोन माणसं किती वेळ शेजारी बसणार? कालवून खाल्लं. पुढच्या तारखेला दोन्ही केसेसमध्ये तडजोड झाली.

माफी कुणी मागितली नाही. गळाभेट वगैरे काही झालं नाही. देवाजीच्या घामाचा वास खुशालभाऊंना आजही सहन होत नाही. फक्त त्या दिवसाचं नाव काढायचं नाही, असं न ठरवता ठरलं. दरवर्षी देवाजीच्या धानाला पाणी कमी पडलं की खुशालभाऊ स्वतः बुडी मारून तिसरं बुच काढत, आणि नवं धान निघालं की देवाजीकडून तांदूळ येई. असं चौदा वर्षं चाललं.

मग गावाला शहाणपण सुचलं.

आमच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष गुणवंतराव. पांढऱ्या शुभ्र कपड्यातला गोड माणूस, पण समोर माईक नसला तरी माईकवर बोलल्यासारखा बोलणारा. शेजारच्या गावानं चाळीस तंटे मिटवले आणि शिल्ड आणलं, हे कळल्यापासून त्यांना झोप नव्हती. आमच्या गावात चालू तंटे निघाले तीन. त्यातला एक कोंबड्याचा होता आणि कोंबडा खाऊन झाला होता. तीन तंट्यांवर शिल्ड कुठून येणार? तेव्हा गुणवंतरावांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून जाहीर केलं, "गावकरी बंधूंनो! जुने तंटे काढा! बापाचा असो, आज्याचा असो, सारे चालतील! नोंदवा आणि मिटवा!"

त्यांचा हेतू साफ होता. घरातला कचरा एकदा अंगणात काढला की झाडून टाकता येतो, असं त्यांना वाटलं. पण तंटा आणि कचरा यात फरक असतो. तंटा अंगणात आणला की उठून बसतो.

समितीचा सचिव हेमराज वही घेऊन घरोघर फिरला. लोक आधी "नाई बाबा, आमचं काई नाई" म्हणत. हेमराज म्हणे, "आठवून पाहा." मग ते आठवून पाहत, आणि आठवता आठवता त्यांचे कान लाल होत. चौदा वर्षं एकत्र शेती करणाऱ्या दोन साडूंपैकी एकाला आठवलं की दुसऱ्यानं आपल्या म्हशीला वांझ म्हटलं होतं. म्हैस मरून दहा वर्षं झाली होती. त्याच संध्याकाळी एकानं दुसऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं. सत्तरीच्या दोन म्हाताऱ्या रोज एकाच ओट्यावर बसून तंबाखू मळायच्या. एकीच्या हळदीत दुसरी नाचली नव्हती, हे वहीत लिहिलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी मुसळ चाललं. एकीचा हात मोडला. गावातल्या कंपाउंडरची पट्टी तिसऱ्या दिवशी संपली. मग तो जुनं धोतर फाडून बांधू लागला.

"आकडा चांगला वाढून राह्यला," गुणवंतराव हेमराजला म्हणाले. हेमराजचा स्वतःचा डोळा तोवर सुजला होता. त्याच्या चुलत्याला काहीतरी आठवलं होतं.

सत्ताविसावा तंटा मिथुननं नोंदवला.

मिथुन आता सत्तावीस वर्षांचा. बापासारखाच गाठीचा, पण बापापेक्षा अबोल. बापानं आणि देवाजीनं ती गोष्ट पुरली, पण ह्याला कुणी विचारलं नव्हतं. पाळीवर उभं राहून त्यानं जे पाहिलं ते त्यानं सोबत वागवलं. वही आली तेव्हा त्यानं लिहायला लावलं: देवाजीनं साऱ्या गावासमोर खुशालच्या पाया पडून माफी मागावी.

ही बातमी देवाजीच्या पोराला, गोपालला, पानठेल्यावर कळली. गोपाल ट्रॅक्टर चालवतो आणि तोंडही तसंच चालवतो. तो म्हणाला, "पडन ना पाया. पयले मिथुनच्या बापानं येऊन माह्या बापाचा गुडघा चाटावा."

ते मिथुनपर्यंत पोचायला अर्धी बिडी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालभाऊ जाळं सांधत बसले होते. गोकुळाबाई आतून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोट्टा कुऱ्हाडीले धार लावून राह्यला."

"कायले व?"

"सरपन फोडाचं म्हंते. सरपन त परवाच फोडलं त्यानं."

खुशालभाऊ उठून मागच्या अंगणात गेले. मिथुन दगडावर कुऱ्हाड घासत होता.

"ते नाव कटव वहीतून."

"काऊन? खोटं आहे काय?"

"खरं आहे."

"मंग?"

"मंग काय बे? खरं आहे म्हनून रोज उकरून काढाचं काय?"

"देवाजीनं तुह्या पाया पडाले पायजे. मले बाकी काई नाई पायजे."

"पडनच कसा तो?" खुशालभाऊ म्हणाले. "त्याचा गुडघा वाकत नाई. मीच तोडला."

मिथुन हसला नाही. त्यानं अंगठ्यावर धार पाहिली. "नाई पडला त गोपालचं मुंडकं पाडतो. मंग तू तडजोड करत बस."

खुशालभाऊंनी आयुष्यात शेकडो धमक्या ऐकल्या आणि दिल्या होत्या. त्यातली पोकळ कोणती आणि भरीव कोणती हे त्यांना आवाजावरून कळे. ते परत येऊन जाळ्यापाशी बसले, पण सुतळी हातात धरून नुसतेच.

"काय म्हंते?" गोकुळाबाईंनी विचारलं.

"खरंच मारन तो," खुशालभाऊ म्हणाले. "मी दोन बोटाईवर सुटलो गोकुळे. हा जन्मठेपीत जाते, नाई त कापल्या जाते."

"तुमचंच रगत आहे."

"त्याचंच त भेव आहे."

तंटे मिटवायचा कार्यक्रम ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी ग्रामपंचायतीसमोर होता. मांडव, खुर्च्या, टेबलावर नारळ. प्रत्येक तंटा वाचायचा, दोन्ही बाजूंनी बोलायचं, मग हात मिळवून सही. पहिले आठ तंटे शिव्यांवर भागले. नवव्याला खुर्ची उडाली. अकराव्याला, म्हणजे म्हशीच्या तंट्याला, दोन साडू टेबलावर आले आणि टेबल गुणवंतरावांवर. गुणवंतरावांचा पुढचा दात गेला. त्यांनी रुमाल तोंडात धरून "थान्त राहा! थान्त राहा!" म्हटलं आणि कार्यक्रम पुढं चालू ठेवला; शिल्ड डोळ्यांपुढं असलं की माणसाला दाताचं काही वाटत नाही. विसाव्या तंट्यापर्यंत मांडवाचा एक बांबू उपसला गेला होता. नारळ एकाच्या डोक्यावर फुटला. खोबरं मात्र बरं निघालं.

मिथुन मागं उभा होता, कुऱ्हाड खांद्यावर. समोर गोपाल, हातात बैल हाकायची तुतारी, टोकाला अणकुचीदार आर. देवाजी पाय लांब करून खुर्चीवर बसला होता आणि जमिनीकडे पाहत होता.

"तंटा नंबर सत्तावीस," हेमराजनं वाचलं. "अर्जदार मिथुन खुशाल. गैरअर्जदार देवाजी. कारन, कुऱ्हाडीनं दोन बोटं तोडली."

खुशालभाऊ उठले. त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली.

पुढच्या तीन रांगा रिकाम्या झाल्या. गुणवंतराव खुर्चीमागं गेले. खुशालभाऊंनी सदरा काढला, बाह्या आत घेतल्या, घडी घातली, टेबलावर ठेवली आणि हेमराजला म्हणाले,

"तू चूक लिवलं आहे गा ते."

"काय चूक?"

"माही बोटं देवाजीनं नाई तोडली. मरळीनं खाल्ली."

रिकाम्या झालेल्या तीन रांगा पुन्हा भरू लागल्या.

गुणवंतरावांनी रुमाल काढला. "खुशालभाऊ, अख्ख्या गावानं पाह्यलं आहे."

"गाव पाळीवर होतं. मरळ पान्यात होती."

"एका वक्ती दोन बोटं?"

"मोठी होती."

सगळ्या माना देवाजीकडे वळल्या. देवाजीनं एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला, दुसरा मांडीवर, आणि उभा राहिला. त्याला उभं राहायला वेळ लागतो. खुशालभाऊंकडे न पाहता तो म्हणाला, "मी होतो तिथी. हातभर होती. मिशा होत्या तिले."

"मरळीले मिशा नसते!" मागून कुणी ढीवर ओरडला.

"हिले होत्या."

"अन् तुमचा गुडघा, देवाजीभाऊ?" हेमराजनं विचारलं.

"तो जन्मापासूनच तसा आहे."

"अहो, तुमी कबड्डीत जिल्ह्याले गेले होते!"

"लंगडत गेलो."

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग डोक्याला धोतराच्या पट्ट्या बांधलेलं, हात गळ्यात अडकवलेलं, सुजलेलं, फुटलेलं गाव एकदम हसलं. ज्यांच्या बरगड्या दुखत होत्या ते बरगड्या धरून हसले. दोन साडू एकमेकांच्या खांद्यावर पडले. हेमराजनं विचारलं, "मंग तंटाच नाई, असं दोनी पार्टीचं म्हननं?" आणि दोघेही म्हणाले, "नाई." त्यानं सत्ताविसाव्या तंट्यावर रेघ मारली.

फक्त मिथुन हसत नव्हता. तो पाळीवर उभा राहिला तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि त्यानं पाहिलेलं सारं त्याच्या बापानं आत्ता एका माशाच्या नावावर करून टाकलं होतं. त्याला हे गावाच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. आणि गोपाल, ज्याला कुठं थांबायचं हे ट्रॅक्टरवरही कळत नाही, तो ओरडला,

"जा ना बे, मरळीवर केस कर!"

मिथुनच्या कुऱ्हाडीच्या पहिल्या घावात गोपालच्या शेजारची खुर्ची दुभंगली. गोपालनं तुतारी फिरवली; आर मिथुनच्या गालात शिरली आणि ओठापर्यंत फाडत गेली. मिथुननं डाव्या मुठीनं गोपालच्या डोळ्यावर मारलं, गोपाल मांडवाच्या खांबावर आदळला आणि तिथंच अडकला. दुसरा घाव मानेच्या दिशेनं आला. त्याचं टोक गोपालच्या मानेला चाटून गेलं एवढंच, कारण मधे खुशालभाऊ आले होते. कुऱ्हाड त्यांच्या उघड्या डाव्या खांद्यात बसली. हाड मोडल्याचा आवाज ह्या वेळी साऱ्या मांडवानं जवळून ऐकला.

खुशालभाऊंची उजवी मूठ वर गेली. ती मूठ अख्ख्या गावाच्या ओळखीची होती. निम्म्या गावानं ती खाल्ली होती. परत न केलेला एकही घाव त्यांच्या नावावर नव्हता. मूठ मिथुनच्या फाटलेल्या तोंडासमोर थांबली. मग उघडली. खुशालभाऊंनी कुऱ्हाडीचा दांडा धरला, पोराच्या हातातून ती काढून घेतली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

"आता कोनी पुढं आलं," ते म्हणाले, "त बसल्या जाग्यावरून चावीन."

रक्त छातीवरून धोतरात उतरत होतं. गोकुळाबाईंनी पदर फाडून जखमेत कोंबला आणि मोकळ्या हाताला जे लागलं ते गुणवंतरावांना फेकून मारलं. ती हेमराजची वही होती की हेमराजच, याबद्दल गावात दोन मतं आहेत.

ट्रॅक्टर देवाजीचाच होता. गोपालनं एका डोळ्यानं तो चालवला. ट्रॉलीत खुशालभाऊंचं डोकं देवाजीच्या धड मांडीवर होतं आणि देवाजी दुपट्ट्यानं खांदा दाबून धरत होता. कोपऱ्यात मिथुन बसला होता, गालावर हात, बोटांतून रक्त.

"मरू नको बे," देवाजी म्हणाला. "पानी कोन सोडन मंग?"

"चौथं बुच काढशील त भूत होऊन येईन," खुशालभाऊ म्हणाले आणि बेशुद्ध झाले.

तालुक्याच्या दवाखान्यात बावीस टाके पडले. दुपारी हवालदार आला. खाटेशी खुर्ची ओढून त्यानं डायरी उघडली.

"कसं लागलं?"

"कुऱ्हाडीवर पडलो."

"खांद्यावर?"

"कुऱ्हाड उभी होती."

हवालदार वीस वर्षं ह्याच भागात होता. त्यानं दारातल्या मिथुनकडे पाहिलं, त्याच्या शिवलेल्या गालाकडे पाहिलं, आणि मग गोपालला बोलावलं. गोपालचा एक डोळा बंद होता. मानेवर लाल रेघ होती, वीतभर लांब. ती रेघ कशानं आली हे त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं तर मिथुन त्याच दारातून बेड्या घालून गेला असता. खुशालभाऊ छताकडे पाहत होते. देवाजी खिडकीबाहेर. गोपालला कसलाही इशारा करायचा नाही, हे दोघांनाही आपापलं कळलं होतं.

गोपालनं पाणी मागितलं. प्यायला. मानेवर हात फिरवला, बोटांकडे पाहिलं, मग मिथुनकडे पाहिलं. मिथुननं नजर खाली केली नाही, पण त्याचे ओठ हलत होते.

"माही पाठ होती साहेब," गोपाल म्हणाला. "मी टॅक्टर पाहून राह्यलो होतो."

"अन् डोळा?"

"टॅक्टरवर आदळलो."

"अन् हे मानेवर?"

"दाढी करताना."

हवालदारानं त्याच्या आठ दिवसांच्या दाढीकडे पाहिलं. दारात म्हशीच्या तंट्यातला एक साडू डोकं धरून नंबराची वाट पाहत होता. त्याच्या मागं मुसळवाली म्हातारी. तिच्या मागं तोंडात रुमाल कोंबलेले गुणवंतराव.

"आज तुमच्या गावात होतं तरी काय?" हवालदारानं विचारलं.

"तंटामुक्तीचा कार्यक्रम होता," देवाजी म्हणाला.

हवालदार डायरी मिटणार, तेवढ्यात मिथुन दारातून पुढं आला. "साहेब, मी मा—"

खुशालभाऊ खाटेवरून उठले. कसे उठले ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सलाईनची नळी ओढत ते दोन पावलं आले आणि मिथुनच्या धड गालावर अशी एक थोबाडीत दिली की बाहेरचा कंपाउंडर आत डोकावला. खांद्याचे दोन टाके तटकन तुटले.

"पोट्ट्याचं डोस्कं ठिकान्यावर नाई साहेब," ते धापा टाकत म्हणाले. "गाल शिवला तवापासून बडबडून राह्यला."

"हे काय होतं आता?" हवालदारानं विचारलं.

"हात पडला माहा."

हवालदारानं डायरी खिशात घातली आणि तो चहा प्यायला गेला. टाके घालताना डॉक्टरांनी खुशालभाऊंना इंग्रजीत काहीतरी सुनावलं. सुटी मिळाली त्या दिवशी गोपालनं ट्रॅक्टर सुरू केला, आणि गावाकडे येताना मिथुन ट्रॉलीच्या कोपऱ्यात न बसता बापाला धक्के लागू नयेत म्हणून त्याच्या पाठीशी पाठ लावून बसला.

ऑक्टोबरात धानाला पाणी कमी पडलं. खुशालभाऊंचा डावा हात आता खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे बुडी मिथुननं मारली. तिसरं बुच काढून तो वर आला. पाळीवर गोपाल उभा होता.

"झालं काय?"

"झालं."

त्या रविवारनंतर दोघं एकमेकांशी एवढंच बोललेत.

गावातल्या बाकीच्या तंट्यांचं जे व्हायचं ते झालं; काही अजून लंगडतायत, म्हाताऱ्या पुन्हा ओट्यावर बसू लागल्यात. खुशालभाऊंच्या अंगावरची बारावी खूण सगळ्यात रुंद आहे. तिच्याबद्दल विचारलं की ते चहासुद्धा विचारत नाहीत, सरळ उठून जातात.

परवा बापलेक डोंग्यात होते. मिथुननं जाळं टाकलं, बाप बांबू धरून बसला. गालावरच्या शिवणीमुळे मिथुनचं तोंड बोलताना जरा वाकडं होतं. पाण्याकडे पाहत तो म्हणाला,

"बाबा, त्या दिवशी मी तुमाले—"

"वढ ना बे," खुशालभाऊ खेकसले. "मासा जाऊन राह्यला!"

मिथुननं जाळं ओढलं. जाळ्यात दोन बोटभर मासोळ्या आणि एक चप्पल होती. खुशालभाऊंनी चप्पल हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बारकाईनं पाहिली, परत पाण्यात टाकली आणि म्हणाले, "अजून थोडं पुढं टाक."

पोरानं डोळे पुसले आणि पुढं टाकलं.